दिवा सर्वांना ठाऊक, वही कोणाला?



या वेळचा लेख आजारपणाच्या आठवणीने सुरू होतोय, पण आमच्या घरापुरता शेवट गोड आहे, तेव्हा काळजी नसावी.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे लंडनला आले होते. तिसऱ्याच आठवड्यात एका रात्री दीड वाजता बाबांना छातीत जड वाटू लागले, दरदरून घाम फुटला. ॲम्ब्युलन्स बोलावली आणि इमर्जन्सी विभागात पोचलो. तिथल्या नर्सने पहिल्यांदा विचारले की औषधे कोणती चालू आहेत. आम्ही नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो! आईने आठवून सांगितले की सकाळी एक बारीक पांढरी, जेवणाआधी एक लांबट आणि रात्री अर्धी गुलाबी. नावे पाकिटांवर, पाकिटे घरी, आणि दहा वर्षांचे रिपोर्ट असलेली जाडजूड फाईल नाशिकच्या कपाटात. त्यातली एक गोळी रक्त पातळ करणारी आहे एवढे आईला माहीत होते. पण कोणती, आणि किती पॉवरची? ते डॉक्टरांना ठाऊक असल्याशिवाय पुढचे काही उपचार करणे धोक्याचे असते, हे आम्हाला त्या रात्री कळले.

आम्ही दोघेही इंजिनियर. दुसऱ्यांचा डेटा नीट लावून देणे हाच आमचा पोटापाण्याचा उद्योग. आणि आमच्याच बाबांच्या गोळीचे नाव आम्हाला येत नव्हते. तिथेही तेच प्रश्न आधी नर्सने, मग डॉक्टरने, मग ड्युटी बदलल्यावर आलेल्या दुसऱ्या डॉक्टरने विचारले. तीन वेगळ्या कागदांवर तीनदा लिहिले गेले, आणि एका कागदावर तर बाबांचे वय दहा वर्षांनी कमी झाले! दुसऱ्या दिवशी आई त्यावर हसली, पण त्या रात्री कोणीच हसले नाही. देवाच्या कृपेने दुखणे हृदयाचे नव्हते. तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले.

बाबा हिंडूफिरू लागल्यावर त्यांना वेस्टमिन्स्टर पुलापलीकडे सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात असलेले फ्लॉरेन्स नाइटिंगेल संग्रहालय दाखवायला नेले. आई शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दिवा घेतलेल्या बाईंची गोष्ट तिने वर्षानुवर्षे मुलांना सांगितलेली. तिथला दिवा पाहून मात्र ती चकितच झाली. आपल्या चित्रातला तो पणतीसारखा दिवा नव्हेच, तर आपल्या घडीच्या आकाशकंदिलासारखा दिसणारा तुर्की कंदील! त्या दिवसानंतर आम्ही बाईंबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि लक्षात आले की फक्त दिव्याचेच नव्हे, त्यांच्याबद्दलचे आपले एकूण चित्रच अपुरे आहे. त्यांच्या एका हातात दिवा होता हे खरे, पण जग बदलले ते दुसऱ्या हातातल्या वहीने. आज त्या वहीची गोष्ट सांगतो.

गावाचे नाव लेकीला

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील लग्नानंतर युरोपच्या लांबलचक प्रवासाला निघालेले. मुलगी ज्या गावी झाली त्याच गावाचे नाव तिला दिले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिचे नाव त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी! त्या मानाने फ्लॉरेन्स सुटली म्हणायची.

घरात पैसा भरपूर. उन्हाळ्यात डर्बीशायरमधल्या ली हर्स्टला आणि एरवी हॅम्पशायरमधल्या एम्ब्ली पार्कला मुक्काम. वडील विल्यम नाइटिंगेल स्वतः शिकलेले. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. त्या काळात मुलींना एवढे शिकवणे म्हणजे मोठीच गोष्ट. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे. याद्या करायच्या, तक्ते आखायचे, हा तिचा लहानपणापासूनचा नाद. आपल्याकडे असतात ना काही मुली, खेळातली भातुकलीसुद्धा मोजून मांडणाऱ्या, तशीच.

सोळाव्या वर्षी, ७ फेब्रुवारी १८३७ ला, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असे तिला मनोमन वाटले. सेवा कोणती हे उमजायला आणखी काही वर्षे गेली, आणि उमजले तेव्हा घरात वादळ झाले. तिला नर्स व्हायचे होते! तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नर्स म्हणजे रुग्णालयात राबणारी, बहुधा दारू पिणारी बाई, असाच समज होता. १८४५ मध्ये तिने सॉल्सबरीच्या रुग्णालयात शिकायला जाण्याची परवानगी मागितली. आईने आकांत केला आणि बेत मोडला. पुढे चांगल्या घरचे स्थळ आले, ओळखीचे आणि आवडीचेही. बराच विचार करून १८४९ मध्ये तिने नकार दिला.

या अडकलेल्या वर्षांत तिने काय केले असेल? घरातले उठायच्या आत, पहाटे दिव्याच्या उजेडात, देशोदेशीच्या रुग्णालयांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचून टिपणे काढली. म्हणजे दिवा तिच्या हातात आधीपासून होता, आणि त्याच्या उजेडात तेव्हाही वहीच होती!

१८५१ मध्ये तिला जर्मनीतल्या कायझर्सवर्थच्या संस्थेत तीन महिने शिकायला मिळाले. ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागातल्या एका छोट्या रुग्णालयाची देखरेख तिच्याकडे आली. तिथे तिने गरम पाणी नळाने वरच्या मजल्यांवर नेले आणि जेवण वर पोचवायला दोरीचा पाळणा बसवून घेतला, म्हणजे नर्सची पायपीट वाचावी. आमच्यातल्या इंजिनियरला बाई इथेच आवडून गेल्या. आता इथून पुढे त्यांना अहो-जाहोच करू.

स्कुटारी

१८५४ च्या मार्चमध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी आणि आजारी सैनिकांना बोटींनी काळा समुद्र पार करून इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी गावी आणत. आजचे उस्कुदार ते हेच. तिथली एक भलीमोठी तुर्की बराक हेच रुग्णालय. तिथल्या हालांच्या बातम्या लंडनच्या द टाइम्समध्ये छापून आल्या आणि देश हादरला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट बाईंना ओळखत होते. त्यांच्या सांगण्यावरून बाई ३८ नर्सेस घेऊन २१ ऑक्टोबरला निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ ला स्कुटारीला पोचल्या. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची लढाई झाली आणि पाठोपाठ जखमींच्या बोटी येऊ लागल्या.

आपण आज इमर्जन्सी विभाग म्हणतो तसे तिथे काहीच नव्हते. मैलोन्‌मैल ओसऱ्यांतून जमिनीवर निजवलेली माणसे. खाटा नाहीत, साबण नाही, बदलायला शर्ट नाही. इमारतीखाली तुंबलेली गटारे. लष्करी डॉक्टरांना सुरुवातीला या बायका नकोच होत्या. पण माणसांचा लोंढा आल्यावर तेही नरमले. बाईंनी जवळ असलेल्या पैशातून सामान विकत घेतले, एक घर भाड्याने घेऊन तिथे धुलाईची भट्टी लावली, कामाला सैनिकांच्या बायका ठेवल्या. रात्री कंदील घेऊन फेरी मारायच्या. हे चित्र फेब्रुवारी १८५५ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले आणि पुढे घराघरात पोचले.

पण चित्रात न आलेला एक भाग आहे. फेरी संपल्यावर बाई लिहीत बसत. मेलेल्या सैनिकांच्या घरी पत्रे, सैनिकांच्या पगारातले पैसे घरी पाठवण्याची व्यवस्था, सामानाचा हिशेब. आणि लिहिताना त्यांच्या ध्यानात आले की या रुग्णालयात किती माणसे मेली हेच कोणाला सांगता येत नाही!

तीन वह्या, तीन आकडे

स्कुटारीत मृत्यूच्या नोंदी तीन ठिकाणी होत. एक वही लष्करी अधिकाऱ्याकडे, रोज किती जणांना पुरले त्याची. दुसरी डॉक्टरांकडे. तिसरी कार्यालयात. तिन्ही वह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. पुरल्याच्या वहीत नाव आहे म्हणजे माणूस पुरला हे नक्की, पण पुरलेला प्रत्येक जण वहीत असेलच असे नाही. डॉक्टरांच्या वहीत तर शेकडो माणसे अशी नव्हतीच की ज्यांना प्रत्यक्षात माती दिली गेली होती. आणि कार्यालयाची वही या दोन्हींपेक्षा निराळेच काही सांगे.

आपल्यापैकी जे आय.टी.त आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एकच गोष्ट तीन सिस्टिममध्ये, तिन्हींचा रिपोर्ट वेगळा, आणि मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपलाच आकडा बरोबर म्हणतोय. फरक एवढाच की इथे प्रत्येक ओळ म्हणजे कोणाचा तरी मुलगा होता. वहीत नाव नाही म्हणजे घरच्यांना कळवायचे कसे? आणि कशाने गेला हे लिहिलेले नाही म्हणजे पुढच्याला वाचवायचे कसे?

शिवाय रोगाची नावेही ज्याची त्याची. एकाच दुखण्याला एक डॉक्टर एक नाव लिही, दुसरा दुसरे. अशा नोंदींची बेरीज तरी कशाशी करायची? बाईंनी आपल्यापरीने नोंदी गोळा करून ताडून पाहायला सुरुवात केली. युद्धाच्या धामधुमीत एवढेच शक्य होते.

आकड्यांनी मत फिरवले

आता या चरित्रातला सर्वात अवघड भाग, जो आम्ही शाळेत कधी ऐकला नव्हता.

बाई स्कुटारीला पोचल्यावर मृत्यू लगेच कमी झाले असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आले. डॉ. जॉन सदरलंड आणि इंजिनियर रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यातले प्रमुख. त्यांनी गटारे उपसली, मेलेली जनावरे आणि कचरा हलवला, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत तोच आकडा शंभरामागे दोनवर आला.

युद्ध चालू असताना बाईंना वाटत होते की सैनिक मरतात ते उपासमार, थंडी आणि अतिश्रमाने. रुग्णालयात ते फार उशिरा, फार खंगून येतात म्हणून. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या गाजावाजा टाळून, दुसऱ्या नावाने प्रवास करून इंग्लंडला परतल्या. तोवर त्या देशभर प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांच्या नावाने हजारो पौंडांचा निधी जमला होता. आता सत्कार घेत फिरल्या असत्या तरी कोणी नाव ठेवले नसते.

त्याऐवजी त्या डॉ. विल्यम फार यांच्यासोबत आकडे मांडायला बसल्या. फार हे देशाच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातले संख्याशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून युद्धातल्या नोंदी महिन्यांप्रमाणे, कारणांप्रमाणे लावल्या. युद्धात ब्रिटनचे सुमारे २१ हजार सैनिक गेले. त्यांतले १६ हजारांहून अधिक शत्रूच्या गोळीने नव्हे तर रोगाने गेले, आणि त्या रोगांचे एक मोठे कारण होते घाण. स्कुटारीची बराक, जिथे बाई स्वतः रात्रंदिवस राबत होत्या, तीच त्या हिवाळ्यात मृत्यूचे घर झाली होती. तिथे पाठवलेला माणूस बरा होण्याऐवजी आणखी आजारी पडत होता.

म्हणजे आपण ज्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, ज्यांच्या आयांना पत्रे लिहिली, त्यांच्या पायाखालचे गटार आपल्याला दिसले नाही! या शोधाचा बाईंना जबर धक्का बसला असे काही अभ्यासक मानतात. परतल्यावर वर्षभरात, १८५७ मध्ये, त्या पार कोसळल्या आणि पुढची कित्येक वर्षे बहुतेक अंथरुणाला खिळून होत्या. क्रिमियात मे १८५५ मध्ये त्यांना झालेला कडक तापही त्यामागे असावा.

आमच्या मते बाईंचे मोठेपण इथे आहे. आकडे आपल्याच विरुद्ध गेले तर माणूस काय करतो? फाईल बाजूला ठेवतो. बाईंनी मत बदलले आणि ती फाईल सरकारच्या टेबलावर नेऊन आपटली. सप्टेंबर १८५६ मध्ये त्या बाल्मोरलला राणी व्हिक्टोरियाला भेटल्या, लष्कराच्या आरोग्यावर रॉयल कमिशन नेमण्याचा आग्रह धरला, आणि १८५७ मध्ये ते नेमले गेले. स्वतः ८०० हून जास्त पानांचा अहवाल लिहिला.

एवढी पाने मंत्री वाचणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध गोल आकृती काढली. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल, इतर कारणांचे काळ्या. निळ्या पाकळ्या इतक्या मोठ्या की लाल रंग शोधावा लागतो! पाय चार्ट बाईंनी शोधला असे बरेचदा सांगतात, ते खरे नाही. तो विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ मध्येच छापला होता. पण आकृती दाखवून सरकारला हलवणे बाईंना जमले. लष्कराच्या वैद्यकीय आकडेवारीसाठी वेगळे खाते निघाले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

सगळीकडे एकच फॉर्म

लष्कराचे झाले, पण गावातल्या रुग्णालयांचे काय? बाईंनी लंडनच्या रुग्णालयांच्या नोंदी मागवून पाहिल्या, तर तिथेही स्कुटारीचीच गत. प्रत्येकाची वही वेगळी, रोगांची नावे वेगळी. कोणते रुग्णालय माणसे वाचवते आणि कोणते मारते, हे सांगायला कसलाच आधार नाही.

म्हणून १८५९ च्या सुमारास त्यांनी फारांच्या मदतीने नमुन्याचे तक्ते तयार केले. वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण होते, किती नवे आले, किती बरे झाले, किती तसेच घरी गेले, किती दगावले, किती उरले, सरासरी किती दिवस राहिले. हे सगळे वय, स्त्री-पुरुष आणि रोग यांप्रमाणे. रोगांची यादी सर्वांना एकच. शस्त्रक्रियांसाठी वेगळा तक्ता होता. अपघात की आजार, कोणती शस्त्रक्रिया, पुढे काय गुंतागुंत झाली, शेवट काय झाला. १८६० मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिथे हे तक्ते मांडले गेले आणि उचलून धरले गेले. लंडनच्या मोठ्या रुग्णालयांनी तसे आकडे प्रसिद्धही केले.

आणि मग? मग काही वर्षांतच ही पद्धत मागे पडली! कारण आपल्याला ऐकल्याबरोबर पटेल. फॉर्म फार मोठा होता. तो भरायला वेळ आणि माणसे लागत, आणि त्याचा खर्च कोणी करायचा हे ठरले नव्हते. बाईंसारखा झपाटलेला माणूस रात्री जागून तक्ते भरेल, पण वॉर्डातला थकलेला कारकून का भरेल?

आम्ही दोघांनी हे वाचले तेव्हा एकमेकांकडे पाहून हसलो. आम्हीही असे फॉर्म बनवले आहेत. चाळीस रकाने, सगळे भरणे सक्तीचे, आणि भरणारा बिचारा प्रत्येक रकान्यात काहीतरी टाकून मोकळा होतो. बाबांचे वय दहा वर्षांनी कमी झाले ते बहुधा असेच. त्या नर्सला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यासमोर अख्खी रांग होती. नोंद कमी हवी आणि नेमकी हवी, हा धडा बाईंच्या यशापेक्षा त्यांच्या या अपयशातून आम्ही शिकलो.

बाई इतर बाबतीतही चुकल्या. रोग जंतूंमुळे पसरतात हे मानायला त्या बरीच वर्षे तयार नव्हत्या. दूषित हवा आणि घाण यांनाच दोष देत. पण गंमत बघा, कारणाची समज अपुरी असूनही आकड्यांनी दाखवलेला उपाय बरोबर ठरला. घाण काढली की माणसे वाचत होती. प्रामाणिक नोंद ठेवली की ती अशी आपल्या चुकांनाही पुरून उरते.

पुण्यापर्यंत

आपल्या मंडळींना आवडेल असा एक धागा. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यासाठी दुसरे रॉयल कमिशन नेमले गेले. बाईंनी हिंदुस्थानातल्या छावण्यांना छापील प्रश्नपत्रिका पाठवल्या. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, किती आजारी, किती मेले. उत्तरांचे ढीगच्या ढीग लंडनला आले आणि अंथरुणातल्या बाईंनी ते उपसले. १८६३ च्या अहवालातून कळले की हिंदुस्थानात दर हजारी ६९ ब्रिटिश सैनिक दरवर्षी मरत होते. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, बाईंनी तोच आकडा १८ वर आल्याचे मांडले.

पुढे त्यांचे लक्ष फौजेवरून इथल्या रयतेकडे वळले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळले, तेव्हा त्यांनी विलायतेत त्यावर लिहिले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर त्यांचे स्नेही होते, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या स्वच्छतेबाबत त्यांचा पत्रव्यवहार होता. हिंदुस्थानात त्या एकदाही आल्या नाहीत. अंथरुण, कागद आणि टपाल एवढ्यावर हे सगळे चालले. रिमोट काम आम्हीच शोधले असे आम्हाला वाटायचे!

अखेर

१८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात बाईंच्या नावाच्या निधीतून नर्सेसची शाळा सुरू झाली. तिथल्या मुली पुढे देशोदेशी गेल्या. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. तोवर दृष्टी गेली होती, आठवणही साथ देत नव्हती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या साऊथ स्ट्रीटवरच्या घरी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांनी शेवटचा श्वास घेतला. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान देऊ केला होता, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी नाही म्हटले. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्या विसावल्या आहेत. दगडावर पूर्ण नावही नाही. फक्त आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा. आयुष्यभर नोंदींसाठी झगडलेल्या बाईंची स्वतःची नोंद एवढीशी!

फॉर्म मागे पडले तरी कल्पना मेली नाही. फारांच्या विचारावर आधारलेली मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी १८९३ मध्ये आली. तिचीच वाढत गेलेली अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. इंग्लंडच्या इमर्जन्सी विभागांत तर सर्वांनी एकाच पद्धतीने नोंद ठेवण्याचा नवा नमुना २०१७ मध्ये सुरू झाला. बाईंच्या तक्त्यांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी! आणि २०२० मध्ये, बाईंच्या जन्माच्या दोनशेव्या वर्षी, कोविडसाठी इंग्लंडमध्ये तातडीची रुग्णालये उभारली तेव्हा त्यांना बाईंचेच नाव दिले गेले.

आणि आपण?

आपल्यापैकी बहुतेकांचे आई-बाबा कधी ना कधी इकडे येतात. लोणची, पापड, भाजणी सगळे आठवणीने येते, फाईल मात्र राहते. इथल्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटरला त्यांची काहीच ओळख नसते. त्यांची वही आपणच.

म्हणून आम्ही बाबांसाठी एक कागद केला. एकच पान, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. नाव आणि जन्मतारीख. कशाची ॲलर्जी आहे. चालू औषधे, मात्रेसह. आणि हे महत्त्वाचे, औषधाचे ब्रँडचे नाव नव्हे तर मूळ औषधाचे नाव, कारण नाशिकचे ब्रँड इथल्या डॉक्टरला ठाऊक नसतात. मोठे आजार आणि ऑपरेशने, सालासह. आमचे आणि नाशिकच्या डॉक्टरांचे फोन. सर्वात खाली तो कागद लिहिल्याची तारीख, आणि औषध बदलले की नवा कागद. एक प्रत बाबांच्या पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर, फोटो आम्हा दोघांच्या फोनमध्ये. चाळीस रकाने करायचा मोह आम्ही आवरला!

आई या एप्रिलमध्ये पुन्हा येतेय, बाबांना घेऊन. परवा फोनवर सांगत होती की तिने तिचाही कागद केलाय, आणि शेजारच्या काकूंनाही करून दिलाय. निवृत्त झाली तरी शिक्षिका ती शिक्षिकाच.

तुम्हीही या रविवारी चहा घेताना घरी फोन लावा आणि एक पान भरून टाका. दहा मिनिटांचे काम आहे. ते कधी वापरायला लागू नये, हीच सदिच्छा!

कळावे, लोभ असावा.